पाजळणे

उणे एकतीस. रिंकचा दरवाजा चौकटीला गोठलाय,
खांद्यानं ढकलावा लागतो.
आत माझं कपाटाएवढं दुकान: धारेचं यंत्र, एक स्टूल,
स्केटच्या जोडीला सहा डॉलर, लहान मुलांना चार.
एकोणीस वर्षं मी या गावाच्या पात्यांना धार लावतोय
आणि धार लागेपर्यंत लोक इथे उभे राहून
आपापली अक्कल पाजळतात.

डुएन फेर म्हणतो, कार्बनवरचा कर म्हणजे शुद्ध दरोडा.
धान्य वाळवायच्या गॅसचं बिल तो पाकिटात घेऊन फिरतो,
नातवाचा फोटो दाखवावा तसं दाखवतो.
शाळेच्या ग्रंथालयातली मार्नी विचारते, उत्तरेचं जंगल जळत होतं
तेव्हा भर दुपारी दिवे लावले होतेस ना?
लावले, डुएन म्हणतो, आणि त्याचंही बिल आलं.
मी हसतो. कुणाच्या बाजूनं, ते विचारू नका.
मतदानाला पेन्सिल हातात घेऊन
मी मागची म्हातारी खाकरेपर्यंत उभा असतो.

मग कुणीतरी युद्ध काढतं,
तपकिरीची डबी काढावी तसं.
अजून किती पैसे पाठवायचे आपण?
पाठवलेच पाहिजेत.
तह करा म्हणावं एकदाचा.
डुएनच्या आजोबानं बंदूक नाकारली होती,
त्यापायी चार वर्षं छावणीत राहून रस्ते खोदले.
कुठलीच बंदूक आपल्या पैशाची नको, डुएन म्हणतो,
आणि हे म्हणताना त्याचा आवाज खाली येतो,
कराबद्दल बोलताना येत नाही.
मी पात्यावरून अंगठा फिरवतो,
आडवा, लांबीनं कधीच नाही.
माझी मावसबहीण नादिया तिकडे तेर्नोपिलजवळ असते.
तिचा युर्को तेवीस वर्षांचा. मधमाश्या पाळायचा.
हे मी दुकानात सांगत नाही.
सांगितलं की वाद थांबतो,
आणि थांबलेला वाद माझ्याकडे बघत बसतो.

या आठवड्यात मात्र सगळे मानपट्टीवर आहेत.
शुक्रवारच्या सामन्यात लेस्याचा दानिलो घसरला,
वरून आपल्याच संघाचा पोरगा गेला.
कानाखाली अकरा टाके.
डॉक्टरनं बोट दाखवलं: एवढंच अंतर राहिलं.
ते पातं मी गुरुवारी लावलेलं.

मंगळवारी सभा. पट्टी सगळ्यांना सक्तीची करायची का?
घाम येतो. खाज सुटते. खेळ बायकी होतो.
आमच्या वेळी हेल्मेटसुद्धा नव्हतं,
प्रशिक्षक चुबाती खोटे दात सावरत म्हणतो.
लेस्या काही म्हणत नाही.
दानिलोचे स्केट फळीवर ठेवते.
नेहमीसारखीच धार लाव, बोथट ठेवलीस तर पडेल.

त्या रात्री मी नादियाला मानपट्टीचा फोटो पाठवला,
उगाच, गावात काय चाललंय ते कळावं म्हणून.
सकाळी तिचं उत्तर:
हे कापड बॉम्बचे तुकडे अडवतं का?

पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय,
पात्याच्या कापापासून संरक्षण. इतर कशाचीही हमी नाही.
मी "नाही" लिहिलं. खोडलं.
"ठाऊक नाही" लिहिलं, तेही खोटंच.

मंगळवारी हात मोजले: सव्वीस विरुद्ध एकवीस.
डुएनचा हात वर होता,
कोटाच्या बाहीत अर्धा लपवलेला.
मार्नीचा खाली. सक्तीनं शहाणपण येत नाही, म्हणाली.
माझा? मी चहाच्या टाकीपाशी होतो,
वर केला तेव्हा मोजणी उरकली होती.

बुधवारी दोन पट्ट्या घेतल्या. काळ्या, मोठ्या मापाच्या.
टपालाच्या फॉर्मवर आतली वस्तू लिहावी लागते.
खेळाचं साहित्य, मी लिहिलं.
खिडकीतल्या मुलीनं पत्ता वाचला, शिक्का उचलून धरला.
तिकडे बर्फ असतो का आता?
असतो, म्हटलं.