छत्तीस

बत्तीस वर्षं मी पासपोर्ट शिवले,
नाशिकरोडच्या प्रेसात, तिसऱ्या हॉलमध्ये.
छत्तीस पानं, मधोमध दोरा.
स्वतःचा कधी काढला नाही.
जायचं होतं कुठं? जेलरोडवरून बिटकोपर्यंत,
फार तर दसकला, घाटावर.

आमच्याकडे नियम होता:
एक कोरं पान जरी कमी भरलं
तरी हॉलचं दार उघडत नसे.
भोंगा होऊन जायचा, डबे रिकामे, पोटं रिकामी,
आणि आम्ही पुन्हा मोजत बसायचो
आकडा जुळेपर्यंत.

म्हणून मला मतमोजणी कळत नाही.
तिथं आकडा जुळत नाही
आणि सगळे घरी जातात.

आमच्या सोसायटीचंच घ्या. छत्तीस फ्लॅट.
गायधनी तेरा, बेंडकुळे बारा, कुलथे अकरा.
पेढे गायधनींचे.
तेवीस घरांना नको असलेला माणूस
पाच वर्षं पाण्याची वेळ ठरवणार.
मी पार्किंगमध्ये उभा राहून म्हटलं,
नावांपुढे एक, दोन, तीन लिहू या, पसंतीनं.
बेंडकुळे, स्वतः पडलेले बेंडकुळे म्हणाले,
काका, ही काय किराणाची यादी आहे?
सगळे हसले. मीही हसलो थोडा.
शलाका फोनवर म्हणाली, बाबा,
इथंही विचारलं होतं लोकांना, मी यायच्या आधी.
नको म्हणाले.

शलाका पीटरबरोला. नर्स. रात्रपाळी.
जूनमध्ये सांगू लागली, सार्वमत आहे,
युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, आणि मलाही मत आहे.
म्हटलं, तुला कसं? तुझा पासपोर्ट तर आमच्या हॉलचा.
म्हणाली, त्यांचं राज्य होतं ना आपल्यावर,
म्हणून.
आणि भिंतीपलीकडची हालिना, पोलंडची,
बारा वर्षं तिथं, दोन्ही पोरं तिथंच झालेली,
हिच्या बाळंतपणात बिटाचं सूप घेऊन धावलेली,
तिला नाही.
प्रश्न हालिनाचा,
उत्तर देणार जेलरोडची पोर.

निकालाच्या सकाळी टीव्हीवर बावन्न-अठ्ठेचाळीस.
निफाडहून भाच्याचा फोन, मामा,
द्राक्षांच्या पेटीवर आता लेबलं दोन लागतील का?
मला काय ठाऊक.
मी आपला जुन्या सवयीनं बघत होतो
दार कोणी आणि कसं उघडलं,
अठ्ठेचाळीस अजून आत असताना.

दिवाळीत बोलली ती.
फराळाचं पार्सल पोचलं, चिवडा मऊ पडला,
हे सांगता सांगता.
बाबा, मी बाहेरवर फुली मारली.
वॉर्डात कुणीतरी म्हणालं होतं,
युरोपातले कमी झाले
की आपल्या आईबापांचा व्हिसा सोपा होईल.

आपल्याकडे फुली म्हणजे चुकलं.
गणिताच्या वहीत, लाल पेनानं.
तिकडे फुली म्हणजे मत.
मी काहीच बोललो नाही.
मग विचारलं, हालिनाला सांगितलंस?
ती गेली परवा, म्हणाली.
जाताना शेपूची कुंडी ठेवून गेली दारात.
शेपू?
हो, शेपूच. त्यांच्यातही खातात.
लहानपणी ताटातला शेपू
खिडकीतून टाकणारी माझी पोर
तो शब्द दोनदा बोलली.

जानेवारीत माझा पासपोर्ट आला.
पोस्टमन सही मागत उभा, मी पानं मोजतोय.
लोक म्हणतात छत्तीसचा आकडा म्हणजे वाकडं,
तिनाची पाठ सहाच्या पाठीला.
मला बत्तीस वर्षांत तसं दिसलं नाही.
छत्तीस म्हणजे भरले, आता दार उघडा.
दोरा ओढून पाहिला. घट्ट होता.
कुणी शिवला असेल, उगाच आठवत बसलो.

व्हिसाचं अजून काही कळलेलं नाही.
रविवारी विचारलं, शेपू जगला का.
म्हणाली, थंडी फार आहे,
आत घेतलाय.