पस्तीस ग्रॅम मीठ

समुद्र बनवायचा तर लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ.
मी रोज सकाळी साडेनऊला बनवतो,
कॉलेज रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून पांडवलेणीचा डोंगर दिसतो
आणि खरा समुद्र कसारा घाट उतरून चार तास लांब.

हाताला सवय झालीय.
काटा पस्तीसवर यायच्या आत बोटं थांबतात,
घरी आमटीवर थांबतात तशी.
वर थोडं मॅग्नेशियम, चिमूटभर कॅल्शियम,
मग ऑटोक्लेव्हच्या पोटात.
त्याची शिट्टी होत नाही, नुसता सुस्कारा.

गायधनी मॅडम म्हणाल्या, निवृत्ती,
तुमचा समुद्र माझ्या समुद्रापेक्षा स्वच्छ आहे.
हे कौतुक नव्हतं, ते उशिरा कळलं.

त्यांचा समुद्र चकलीच्या डब्यातून आला होता,
काकिनाड्याहून, दोन रात्री मांडीवर:
तिवराची कुजकी लाकडं, चिखल, वास.
गोदावरी तिथं संपते. आपलीच गंगा, त्या म्हणाल्या.
इथून आपण काय काय सोडतो,
आणि तिकडं शेवटाला ही मंडळी बसलेली,
पान, साल, काटकी,
कुणाला पचत नाही ते सावकाश खात.

अप्पांच्या अस्थी मी रामकुंडात सोडल्या होत्या.
काही बोललो नाही.
लाकडावर नंबर टाकला : सतरा.

बुरशी म्हटलं की आमच्या मोहाडीत माणूस पाठीला पंप लावतो.
भुरी, डाऊनी, करपा,
मेव्हणा त्यांना भाऊबंदांसारख्या शिव्या घालतो.
मी तिला रोज खाऊ घालतो म्हटलं,
तर विचारतो, पगार कशाचा देतात तुला?

पण बीजाणूला शेपट्या होत्या.
मॅडमनी भिंगाखाली दाखवल्या,
दोन्ही टोकांना, केसाहून बारीक,
वाहता वाहता लाकूड लागलं तर धरून ठेवायला.
किनाऱ्यावरच्या फेसात असे हजारोंनी अडकतात म्हणे.
लग्नानंतर आम्ही दिवेआगरला गेलो होतो.
बायकोच्या पायाला फेस लागला, तिनं झटकला.
तिला फोन करावासा वाटला. नाही केला.

मग येवल्याहून दामोदरसा रंगारी आले,
हातात पाच लिटरचा कॅन, आत जांभळं पाणी,
रेशीम रंगवून उरलेलं.
नाल्यात सोडलं की शेजारी भांडतात,
नाही सोडलं तर अंगणात ठेवायचं कुठं?
त्यात मीठ फार. गोड्या पाण्यातली बुरशी मरते.
सतरा नंबर मात्र
माहेरी आल्यासारखी पसरली.

तिसऱ्या दिवशी रंग होता तसाच.
पाचव्या रात्री वीज गेली, शेकर थांबला,
मी तोंडात टॉर्च धरून फ्लास्क हातानं हलवत बसलो.
बाळाला जोजवावं तसं, असं लिहिणार होतो,
पण खरं सांगायचं तर
ताक घुसळताना दुखतो तसा खांदा दुखला.

नवव्या दिवशी निळा गेला.
लाल राहिला.
दामोदरसांनी फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला,
बराच वेळ.
लाल हट्टीच, म्हणाले,
चढायलाही आणि उतरायलाही.
मॅडमनी वहीत एकच शब्द लिहिला : अंशतः.

त्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं
म्हणून सगळं गाव बघायला निघालं, मीही.
होळकर पुलाखालून एक आख्खं उंबराचं खोड गेलं,
फांद्या वर, उलटं.
शेजारचा कठड्यावर वाकून म्हणाला,
किती लाकूड वाया चाललंय बघा.
वाया नाही, मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.

पुढचं कुठून सांगायला घ्यावं ते सुचेना.
पाणी गढूळ होतं, गोडं होतं,
आणि त्याला अजून फार लांब जायचं होतं.