नाव लागत नाही

क्लाक्सविकच्या बंदरात पहाटे चारला
नावा लागल्या,
नावं लागत नव्हती.

लिलाव सहाला उघडतो, पडद्यावर.
मालाची यादी आदल्या रात्रीपासून चाळणारे
स्कॉटलंडचे, डेन्मार्कचे व्यापारी पत्ता टाकत होते
आणि उत्तर येत होतं : असं कुणी नाही.
धक्क्यावर अकरा टन कॉड बर्फात,
आणि त्रोंदुर तांडेल फोनवर रान्वाला विचारतो,
"मग मी काय स्वप्नात जाळं ओढलं?"

रान्वाने आधी आकड्यांनी हाक मारली.
मशीनने लगेच ओ दिली.
म्हणजे घर आहे, दिवा आहे, दार उघडं आहे,
फक्त कुणाला ठावठिकाणा सांगता येत नाही.
तिने कॉफी ओतली. प्यायची राहिली.

फायरवॉल नाही. त्रेपन्न नंबरचं दार सताड उघडं.
सर्व्हिस चालू.
मग लॉगमध्ये दिसलं ते लांबलचक नाव :
आपल्याच गावाचं नाव शेवटी दोनदा,
बावरलेलं पोर शाळेत
आडनाव पुन्हा पुन्हा सांगतं तसं.

शुक्रवारी नवं मशीन लावताना
ती ओळ तिनेच लिहिली होती.
शेवटी टिंब दिलं नव्हतं.
टिंब नसलं की सर्व्हरला वाटतं, नाव अपुरं आहे,
तो आपलं आडनाव मागे चिकटवतो. मदत म्हणून.
दोन दिवस जगाने जुन्या आठवणीवर काढले,
सोमवारी आठवणीची मुदत संपली.

टिंब दिलं. तरी काही नाही.

तोर्सहाव्नचा दुसरा सर्व्हर
मजकूर वाचतच नाही, आधी फक्त अनुक्रमांक बघतो.
अंक तोच? मग बातमी जुनी. तो कूस बदलून झोपतो.
रान्वाने स्वतःला एक फारोई शिवी घातली,
अंक एकाने वाढवला,
आणि त्याने निमूट सगळं उतरवून घेतलं.

तरी पीटरहेडहून फोन : अजून नाही म्हणतंय.
हो. नकारसुद्धा लोक तासभर जपून ठेवतात.
"तुमच्याकडचं विसरायला लावा," ती म्हणाली,
आणि पलीकडून कुणीतरी बाई हसली,
"ते सोपं असतं तर!"

लिलाव चाळीस मिनिटं उशिरा उघडला.
त्रोंदुरला भाव बरा मिळाला, तो तसं कबूल करणार नाही.

फाईल बंद करता करता
तिला ह्यालग्रीमची ओळ दिसली.
निवृत्त होऊन तो आता मेंढ्या राखतो.
अर्धविरामाच्या मागे लिहिलेलं सर्व्हर वाचत नाही,
ते माणसांसाठी असतं :

; शेवटचं टिंब. मीही विसरलो होतो, ९८ साली.

शुक्रवारी ती ओळ तिथेच होती.
तिने खाली दुसरा अर्धविराम टाकला,
तारीख लिहिली, आणि
गार कॉफी एका घोटात संपवली.

; मीही