कानखूण

पहिली पिशवी सावकाश सोडायची असते.
रात्री साडेनऊला सुरू केली. तोवे दर अर्ध्या तासाने येते,
दंडाला पट्टा, काखेत थर्मामीटर,
मग थेंब किंचित वाढवते.
खिडकीबाहेर कोपनहेगन. सपाट.
इतकं सपाट, की तेइतुर विचारतो,
"इथली माणसं चढतात कुठे?"

औषधात उंदराचा अंश आहे, हेही तिनेच सांगितलं.
नऊ वर्षांचा माझा मुलगा महिन्यात पहिल्यांदा हसला.
"आपल्या मांजरीला कळवू नका."

मला बाजूला घेऊन म्हणाली:
हे स्वतः फारसं मारत नाही. खूण करतं.
पेशीच्या अंगावर जाऊन बसतं,
मग शरीराचेच राखणदार येतात.

खूण. हा शब्द मला कळतो.
आमच्या बेटावर कोकरांचे कान कापतात,
डाव्याचं टोक छाटलेलं, उजव्याला मागून एक खाच.
धुक्यात दोनशे मेंढ्या, आणि माझा बाप हानुस
नुसता कान चाचपून सांगतो, ही आपली.
गेल्या जुलैत त्याने सुरी तेइतुरच्या हातात दिली.
पोराने आधी कोकराची माफी मागितली.

आपली म्हणजे काय, ते ऑक्टोबरात कळतं.

अकराला हुडहुडी भरली.
दात वाजले, पलंगाची दांडी वाजली.
तोवेने थेंब थांबवले, सुई दिली, दोन पांघरुणं घातली.
मी त्याचे पाय धरून बसलो,
बुजलेलं जनावर धरतात त्याहून हलके.
आतले ते परके नव्हतेच. घरभेदी.
त्याच्याच रक्ताचे, त्याच्याच भाकरीवर वाढलेले.

"चुकीच्या अंगावर खूण बसली तर?"
"बसते," ती म्हणाली. "चांगल्यांवरही बसते.
ते पुन्हा जन्मतात. काही महिने लागतात."
खोटं बोलली असती तर बरं, असं वाटलं नाही.

एकला पुन्हा सुरू. अगदी हळू.
झोपेत तो कान चोळत होता.
मनगटावर प्लास्टिकची पट्टी:
नाव, जन्मतारीख, आमचं गाव डॅनिश वळणाने लिहिलेलं.
मी अंधारात ती पुन्हा पुन्हा चाचपली.

चारला बापाचा फोन. तिकडे तीन.
विण्याच्या दिवसांत झोपत नाही तो.
पोराचं विचारत नाही.
म्हणतो, वरच्या कुरणातली लंगडी व्याली. जुळं.
एक काळं आहे. त्याचे कान राहू देतो
तेइतुरसाठी.

मी म्हणालो, राहू दे.
पिशवीत चार बोटं उरलं होतं.