निधान

वडगावात, बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये
रविवारी सकाळी आम्ही पाचजण.
हिंदवाडीच्या दोन कॉलेजच्या पोरी, निपाणीच्या पाश्चापुरे बाई,
एक बँकेतला, जो सारखा मोबाइलवर वेळ लावतो,
आणि मी, पिराजी, पाट्या रंगवणारा.
म्हणजे रंगवायचो.
फ्लेक्स आला, हाताला नुसती सवय उरली.

दुंडव्वा रांजणावरचं घोंगडं काढते
बाळंतिणीच्या खोलीचा पडदा सारावा तसं.
वास येतो : गोठा, आंबलेला गूळ, चुना.
बँकेतला दोन पावलं मागं.
तगचे घातलंय, ती सांगते, बियांचा काढा.
पाश्चापुरे बाई म्हणतात, अगं, म्हणजे टाकळा!
भाजी करतो तो?
तोच.

वर तांबूस साय, मधोमध फेसाचं निळं फूल,
पण खालचं पाणी निळं नाहीच,
पिवळट हिरवं, उसाच्या शिळ्या रसासारखं.
रंग कुठाय, मी विचारलं.
दुंडव्वानं बोट बुडवून चाखलं, बाजूला थुंकली
आणि म्हणाली, झोपलाय. उठवू नका.

मांजरपाटाचा ओला तुकडा घेऊन मी हात आत घालणार
तेवढ्यात ती : निधान री, निधान.
मी थांबलो.
निधान म्हणजे ठेवा, कीर्तनात ऐकलेला,
पुरून ठेवलेलं सोनं, तळाशी बिळाशी असेल.
पोरी हसल्या. काका, कन्नडात निधान म्हणजे सावकाश.

साठ वर्षं या गावात.
दोन्ही लिप्यांचा 'ळ' मी डोळे झाकून काढतो,
वेलांटीला कुठं ब्रश उचलायचा ते मनगटाला ठाऊक,
आणि हा एवढा शब्द कानावरून गेला नव्हता.
किंवा गेला असेल, घाईत.

घाईचीच कामं केली मी.
उद्या उद्घाटन, रात्रीत पाटी हवी.
वर हे मोठं, खाली ते बारीक.
मग दुसरं कुणी यायचं, म्हणायचं, उलटं कर.
एका रात्री काळ्या ऑइलपेंटचा डबाच दिला हातात
आणि वर पन्नासाची नोट.
खडेबाजारातली पाटी. अक्षरं माझीच,
आठवड्यापूर्वीची, कडेला अजून चिकट.
कुठल्या भाषेतली ते सांगत नाही.
पहिला फराटा मी कोपऱ्यातल्या बारक्या सहीवरून ओढला
आणि पहाटेआधी रॉकेलनं हात धुतले.
स्वच्छ निघाले.

आता कोपरापर्यंत रांजणात.
कोमट. कुणाच्या तरी पोटात हात घातल्यासारखं.
बुडबुडा नको, वारं आत नेऊ नका,
आतल्या आतच पिळा, तिथंच, हां,
आणि काढा, थेंब न पाडता.

काढला तो पोपटी.
मला वाटलं, फसलं.
नोड्री, दुंडव्वा म्हणाली.
आधी कडा गेली, मग घडीची धार,
मग हिरवं सगळं आपल्याच पाठीमागं सरकत सरकत
निळं झालं.
कुणी काही केलं नाही, नुसतं वारं लागलं.
बँकेतल्याचा गजर वाजला, तो बंद करायचं त्याच्या ध्यानातच नाही.

माझ्या तुकड्यात मधोमध पांढरा ठिपका राहिला,
अंगठ्यानं आवळून धरलेलं तिथं.
पोरींचे तुकडे सुरेख. दोरीवर माझा शेवटचा.
पुन्हा बुडवू का?
दुंडव्वानं रांजणावर घोंगडं ओढलं.
आज त्याचं झालं, म्हणाली. दमलाय.

घरी बायकोनं नखं बघितली.
रॉकेल लावलं, लिंबू लावलं, निरमा लावला.
हे काय लावून घेतलासा? काय शिकून आलासा एवढं?
मी म्हटलं, निधान.
मग दाखवा की, ती म्हणाली
आणि कुकरची तिसरी शिट्टी मोजायला आत गेली.