चाळीस अँपिअरचं घर

डिसेंबरात वार्डोला दिवस उगवत नाही.
अकराच्या सुमारास आकाश निळं पडतं,
मुका मार लागल्यासारखं,
आणि तास-दीड तासात तेही ओसरतं.
तेवढ्या उजेडात मला भिंतीला भोक पाडायचं होतं.

समुद्राखालच्या बोगद्यातून व्हॅन काढून पोचलो
तेव्हा टोरबयॉर्गबाई दारातला बर्फ लोटत होत्या.
"गाडी शुक्रवारी येतेय, आन्टे.
तिच्या जेवणाची सोय आधी करून ठेव."

चार्जर काही जड नसतो,
खोक्यातून काढला की पावाच्या लादीएवढा.
वायरच त्रास देते. गारठून काठी झालेली,
वळवावी तिथे वळेना.
तासभर तिला स्वयंपाकघरात चुलीजवळ निजवली.
बाई तिला ओलांडून ये-जा करत राहिल्या,
घरात नवं कुत्रं आणल्यासारख्या.

गॅरेजच्या भिंतीवर एक जुना सॉकेट होता,
डिझेल गाडीचं इंजिन रात्रभर कोमट ठेवायचा.
नवऱ्याने स्वतः बसवलेला, जरा तिरका.
"हा ठेवायचा का?"
"काढ. गाडी गेली, नवरा गेला,
सॉकेटचं काय लोणचं घालू?"

मग हिशेब. चार्जर लावण्याआधी घर मोजावं लागतं.
मुख्य फ्यूज चाळीसचा,
त्यापलीकडे मागितलं की सगळ्यांचंच विझतं.
पाण्याच्या टाकीचे नऊ.
चार चुली एकदम पेटतात त्या फक्त रविवारी.
फ्रीझरमध्ये वर्षभराचा कॉड, त्याच्याशी वाद नाही.
बैठकीतला हीटर.
आणि ही सहा नंबरची वायर?
चिमटा लावून पाहिलं:
भरदुपारी साडेतीन अँपिअर वाहत होते.
घरात आम्ही दोघंच.

"वरची खोली," त्या म्हणाल्या.
"पाइप गोठू नयेत म्हणून चालू ठेवते."

वर गेलो.
ओले हातमोजे हीटरवर टाकले आणि पाहिलं.
एक पलंग, चादर ताणून घातलेली.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा,
शेवटची माझ्या खांद्याला लागणारी.
थर्मोस्टॅटच्या चकतीवर चिकटपट्टी, एकोणीसवर,
कडेने पिवळी पडलेली.

या घराचा नकाशा माझ्याकडे आहे.
वर पाइप जात नाही.
कधी गेलेलाही नाही.

नियमाने सांगायला हवं होतं:
बाई, एवढा एक हीटर बंद केलात
तर गाडी पहाटेच्या आत भरेल,
बिलही उतरेल.
वाक्य तयार होतं. स्क्रू दातांत धरतात
तसं धरून जिना उतरलो.

शेवटी मोबाइलवर क्रम लावायचा असतो,
टंचाई पडली तर कोणी थांबायचं.
मी गाडीला सगळ्यात खाली टाकलं.
"चुली पेटल्या की ती थांबेल.
घराचं झालं की उरेल ते तिचं."
"बरोबर आहे," त्या म्हणाल्या,
"शेवटी आलेल्याने शेवटी वाढून घ्यावं."

चाचणीचा खोटा प्लग लावला.
दिवा आधी लाल, मग विचारात पडल्यासारखा पिवळा,
मग हिरवा.
दोघंही अंधारात त्याच्याकडे बघत उभे राहिलो,
वास्तविक बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"आणि वरचं? ते तसंच चालेल ना?"
"चालेल," मी म्हणालो.
"पाइप गोठणार नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मग आत जाऊन वाळलेल्या माशाचा पुडा आणला,
माझ्या हातात नाही, थेट हत्यारांच्या पेटीत ठेवला.

बोगद्याच्या मध्यावर,
डोक्यावर अख्खा समुद्र असताना, हात गार पडले,
तेव्हा आठवलं की मोजे वरच राहिलेत.
असू देत.
शुक्रवारी यायचंच आहे, गाडी जोडून दाखवायला.