दुसऱ्या किरणापर्यंत

उप्सालात डिसेंबरचा सूर्य
पावणेतीनला दुकान बंद करतो.
यॉर्डिस तळघरात निळा दिवा लावते.

कुपीत केशरी द्रव. त्यात तिचा रेणू:
मधोमध रुथेनियम,
एका अंगाला देणारा, दुसऱ्या अंगाला घेणारा.
हा शेजार जुळवण्यात सात वर्षं गेली.

किरण पडतो, इलेक्ट्रॉन उडी मारतो
आणि उंबऱ्यावरूनच
माघारी येतो.
सगळी गोम इथं.
हायड्रोजन सुटायला दोन लागतात, एकदम हातात;
आणि हा पठ्ठ्या पहिलाच टिकवत नाही.

आज मात्र आलेखाची रेघ
खाली यायला विसरली,
पापणी लवण्याच्या शंभराव्या हिश्शापुरती.
तेवढ्यात दुसरा किरण पोचला.

काचेला बुडबुडा. मोहरीहून बारीक.

"पाण्यापासून?" टोर्केल दारातूनच विचारतो.
"छे. इलेक्ट्रॉन अजून उसने,
क जीवनसत्त्वाकडून."
दोघं हसतात. कोट चढवतात.

बाहेर अंधारात बर्च, एकही पान नाही.
जाता जाता यॉर्डिस त्याचं खोड
हातमोज्यानं थोपटते,
सुट्टीवर गेलेल्या उस्तादाचं
बंद दार थोपटावं तसं.